पहिला ड्रोन घेताय? आधी वजन, नकाशा आणि शेजाऱ्यांची गच्ची बघा

ओळखीतलं कुणी ना कुणी दर दिवाळीला विचारतं, "कोणता ड्रोन घेऊ?" कॅमेरा किती चांगला, बॅटरी किती मिनिटं चालते, हे सगळं त्यांनी आधीच पाहिलेलं असतं. ड्रोनची नोंदणी करावी लागते, आपलं गाव कुठल्या झोनमध्ये येतं ते बघावं लागतं, आणि खाली राहणाऱ्या माणसांनाही काही हक्क आहेत, हे मात्र पैसे भरून झाल्यावर कळतं. या सगळ्यातून मी गेलो आहे. पोर्टलवरचे अर्ज भरलेत, गावकऱ्यांची समजूत घातली आहे, आणि दुकानात मिळणारी माहिती किती अर्धवट असते तेही पाहिलं आहे. ज्या क्रमाने या गोष्टी कराव्या लागतात, त्याच क्रमाने इथे लिहितो.

## १. छंद की धंदा, हे आधी ठरवा

नियमांचा अर्धा गुंता या एका प्रश्नावर सुटतो. हौस, शिक्षण किंवा स्वतःच्या कामासाठी ड्रोन उडवणार असाल तर वाट सोपी आहे. कुणाच्या लग्नाचं, प्लॉटचं, हॉटेलचं चित्रीकरण करून पैसे घेणार असाल, तर ते व्यावसायिक काम झालं आणि दोन किलोच्या आतल्या मायक्रो ड्रोनलाही रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. "मित्राच्या लग्नात उडवला, त्याने खुशीने पाच हजार दिले" हेही पैसे घेणंच आहे.

हौसेच्या ड्रोनचे उपयोग कमी नाहीत. कौलारू घर असेल तर पावसाळ्याआधी कुठलं कौल फुटलंय, कुठे सरकलंय हे शिडी न लावता दिसतं. गच्चीवरचं सोलर पॅनेल, पाण्याची टाकी, उंच नारळाचा शेंडा तपासता येतो. पण खरा फायदा मला शेतात दिसला. आमच्या चुलत्यांचा ऊस आठ महिन्यांचा होता. एवढ्या उसात माणूस शिरला की त्याला दोन सरींपलीकडचं दिसत नाही. बांधावरून पाहिलं तर सगळा प्लॉट हिरवागार. चाळीस मीटरवरून पाहिलं, तेव्हा मधोमध एक पिवळसर पट्टा सरळ रेषेत गेलेला दिसला. चुलते स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, "ही तर ठिबकची तिसरी लाईन." जाऊन पाहिलं तर लॅटरल चोंदलेली. पलीकडच्या कोपऱ्यात रानडुकरांनी ऊस लोळवून केलेलं मोकळं मैदानही त्याच फेरीत सापडलं. लागणीनंतर महिना-दीड महिन्याने एक फेरी मारली तर नांग्या, म्हणजे न उगवलेल्या मोकळ्या जागा, कुठे भरायच्या तेही वरून नेमकं कळतं.

फवारणीचा ड्रोन हा वेगळा विषय आहे. औषधाच्या टाकीसकट त्याचं वजन दोन किलोच्या बरंच वर जातं, त्यासाठी प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र लागतं. छंदाच्या ड्रोनला बाटली बांधून फवारणीचा प्रयोग करू नका.

## २. वजनाचा काटा काढा

आपल्याकडे लागू आहेत ते ड्रोन नियम २०२१, म्हणजे २५ ऑगस्ट २०२१ ला आलेले. त्यांत ड्रोनचे वर्ग वजनावर ठरतात: २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल, १५० किलोपर्यंत मीडियम आणि त्यापुढे लार्ज. छंदवाल्याचा संबंध पहिल्या दोघांशीच येतो.

वजन धरायचं ते उडताना ड्रोनवर जे जे असेल त्या सगळ्यासकट. हा सापळा नीट समजून घ्या. खोक्यावर २४९ ग्रॅम लिहिलेला ड्रोन जास्त वेळ चालणारी मोठी बॅटरी घातली की २५० च्या वर जातो. पंखांचे गार्ड, वरून बांधलेला दिवा, फिल्टर, कशानेही जातो. मग तो नॅनो राहत नाही, मायक्रो होतो आणि त्याबरोबर विमाही लागू होतो. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर, उडवणार आहात त्याच स्थितीत वजन करून बघा.

कुणाला काय लागतं ते थोडक्यात:

- नॅनो: पायलट प्रमाणपत्र नको, टाईप सर्टिफिकेट नको, तृतीय पक्ष विमा सक्तीचा नाही.
- मायक्रो, बिगरव्यावसायिक वापर: पायलट प्रमाणपत्र नको, पण तृतीय पक्ष विमा हवा.
- मायक्रो, व्यावसायिक वापर: पायलट प्रमाणपत्र आणि विमा दोन्ही हवेत, ड्रोनही टाईप सर्टिफिकेट असलेलाच हवा.

टाईप सर्टिफिकेट म्हणजे ड्रोनच्या त्या मॉडेलची तपासणी होऊन डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, दिलेली मान्यता. ती उत्पादकाने घ्यायची असते, तुम्ही नाही. २५ किलोच्या आतला, फक्त शिक्षण, संशोधन किंवा करमणुकीसाठी आणि डोळ्यांसमोर राहील एवढ्याच अंतरात उडवला जाणारा ड्रोनही या अटीतून सुटतो. स्वतः सुटे भाग जोडून ड्रोन बनवणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलांना याच तरतुदीचा आधार आहे.

## ३. विकत घेताना: परदेशातून आणू नका

हा मुद्दा दुबई, मस्कत, न्यू जर्सीत नातेवाईक असलेल्या प्रत्येकाने वाचावा. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर भारतात बंदी आहे. पूर्ण जोडलेला, अर्धवट जोडलेला, सुटा करून आणलेला, सगळ्यालाच. सूट आहे ती संशोधन, संरक्षण आणि सुरक्षेच्या कामांसाठी, तीही परवानगी घेऊन. सुटे भाग आणायला बंदी नाही. तेव्हा "मामा येताना घेऊन येतोय" असं ठरलं असेल तर मामाला आजच फोन करा. विमानतळावर कस्टमने ड्रोन काढून घेतला तर तो परत मिळवताना मामाची सुट्टी संपेल.

बाजारात परदेशी बनावटीचे छोटे ड्रोन तरीही सर्रास दिसतात, आणि दुकानदार "सगळे घेतात, काही होत नाही" म्हणतो. त्याला तीन गोष्टी विचारा: जीएसटीचं पक्कं बिल देणार का, हा नग भारतात कधी आणि कसा आला, आणि याची नोंदणी होईल असं बिलावर लिहून देणार का. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर टाळलं तर दुकानातून बाहेर पडा. बिल नसलेल्या ड्रोनसाठी पोलिस चौकीत तुमच्याकडे सांगायला काहीच उरत नाही.

जुना ड्रोन घेत असाल तर आधीच्या मालकाकडे नोंदणी क्रमांक आहे का ते बघा आणि तो पोर्टलवर तुमच्या नावावर चढवून घ्या. मोटारसायकल घेताना आरसी नावावर केल्याशिवाय आपण शेवटचा हप्ता देत नाही. इथेही तसंच वागा.

## ४. नोंदणी: यूआयएन मिळवा

"अडीचशे ग्रॅमच्या आतला आहे, नोंदणी नको" हे वाक्य तुम्हाला दुकानात, युट्यूबवर आणि ट्रेकच्या ग्रुपवर ऐकायला मिळेल. नियमांत नॅनोला सवलती आहेत त्या पायलट प्रमाणपत्र, टाईप सर्टिफिकेट आणि विम्याच्या बाबतीत. नोंदणीतून त्याला वगळलेलं नाही. नोंदणी झाली की ड्रोनला एक क्रमांक मिळतो, त्याला यूआयएन म्हणतात. शुल्क १०० रुपये आहे. एवढ्यासाठी पुढची डोकेदुखी अंगावर घेऊ नका.

सुरुवातीला हे काम डिजिटल स्काय या संकेतस्थळावर होत असे. आता नोंदणीची कामं डीजीसीएच्या ई-जीसीए पोर्टलवर होतात आणि डिजिटल स्कायचा उपयोग मुख्यतः नकाशासाठी होतो. जुन्या व्हिडिओंमध्ये दाखवलेली पानं सापडली नाहीत तर गोंधळू नका.

अर्जाला बसण्याआधी हे समोर ठेवा:

- ओळख आणि पत्त्याचा सरकारी पुरावा
- चालू मोबाईल नंबर आणि ईमेल
- खरेदीचं बिल
- ड्रोनचा अनुक्रमांक
- फ्लाईट कंट्रोलरचा (ड्रोनच्या आतल्या नियंत्रक यंत्राचा) अनुक्रमांक
- रिमोटचा अनुक्रमांक
- लागू असेल तिथे टाईप सर्टिफिकेटचा क्रमांक

नवखे अडकतात ते या अनुक्रमांकांपाशी. ड्रोनचा अनुक्रमांक बहुतेक वेळा बॅटरीच्या खाचेत बारीक अक्षरांत असतो, फ्लाईट कंट्रोलरचा ड्रोन चालू करून ॲपमधल्या माहितीच्या पानावर दिसतो, आणि रिमोटचा त्याच्या मागच्या बाजूला. खोक्यावरचा बारकोड बघून भरू नका. खोकं आणि आतला नग यांची अदलाबदल दुकानात सहज होते. यूआयएन या तिन्ही क्रमांकांशी जोडला जातो, म्हणून पुढे रिमोट बदलला तर पोर्टलवरची नोंदही बदलून घ्यावी लागते.

क्रमांक आला की तो ड्रोनवर स्पष्ट दिसेल असा चिकटवा आणि प्रमाणपत्राची एक छापील प्रत बॅगेत ठेवा. फोनमध्ये आहेच, पण शेतात फोन ड्रोनच्या रिमोटला जोडलेला असतो आणि अडवणारा हवालदार कागद मागतो.

पायलट प्रमाणपत्र हवं असणाऱ्यांसाठी: वय १८ ते ६५, किमान दहावी पास, आणि डीजीसीएने मान्यता दिलेल्या संस्थेतूनच प्रशिक्षण. पूर्वी पासपोर्ट सक्तीचा होता. सप्टेंबर २०२३ च्या दुरुस्तीनंतर मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड किंवा ड्रायव्हिंग लायसन्सही चालतं. प्रमाणपत्र दहा वर्षं चालतं. फी भरण्याआधी संस्थेचं नाव डीजीसीएच्या यादीत स्वतः शोधा. "सरकारमान्य ड्रोन कोर्स" असे फलक लावलेल्या सगळ्याच संस्था त्या यादीत नसतात.

## ५. प्रत्येक उड्डाणाआधी नकाशा

डिजिटल स्कायच्या नकाशावर देशाचं आकाश तीन रंगांत विभागलेलं आहे.

ग्रीन झोनमध्ये जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत, म्हणजे साधारण १२० मीटर, परवानगी न घेता उडवता येतं. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते. ५ ते ८ किलोमीटरमध्ये जमिनीपासूनच यलो झोन सुरू होतो. तिथे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. ग्रीन झोनमध्येही ठरलेल्या उंचीच्या वर गेलात की तुम्ही यलोमध्ये शिरता. रेड झोनमध्ये केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवायचंच नाही. नवख्या माणसाला माझं सांगणं: पहिलं वर्ष फक्त हिरव्यात उडवा. परवानग्यांच्या मागे लागण्यापेक्षा गाडी काढून वीस किलोमीटर बाहेर जाणं सोपं पडतं.

मुंबईकरांना तर हे करावंच लागतं. विमानतळ, नौदल, अणुशक्ती केंद्र, सगळं एकाच बेटाच्या आसपास. पुण्यात लोहगावचा तळ हवाई दलाचा, शिवाय खडकवासला, खडकी, देहूरोड इथल्या लष्करी आस्थापना. नाशिकला ओझर आणि देवळाली. गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ, आणि किनारा तर चिंचोळा. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. पनवेल, उरण भागात पूर्वी जिथे बिनदिक्कत उडवत होतो ती ठिकाणं आता पुन्हा तपासून घ्यायला हवीत. नकाशा बदलत राहतो, म्हणून मागच्या महिन्याचा स्क्रीनशॉट कामाचा नाही. उड्डाणाच्या दिवशी बघायचा.

इथे दोन सापळे आहेत. पहिला: ड्रोन कंपनीच्या ॲपमध्ये दिसणारा नकाशा हा सरकारी नकाशा नव्हे. ॲपने अडवलं नाही याचा अर्थ परवानगी आहे असा होत नाही. दुसरा: नकाशावर हिरवं असलं तरी त्या दिवशी तिथे बंदी असू शकते. पोलिस अधीक्षक दर्जाचा अधिकारी एखादा भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता रेड झोन ठरवू शकतो. मोठ्या नेत्याची सभा, यात्रा, विसर्जन, दंगलीचं वातावरण अशा वेळी हे होतं. शिवाय शहर पोलिस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली मनाई आदेश काढतात; मुंबईत ड्रोन, पॅराग्लायडर, हॉट एअर बलून यांच्यावर असे आदेश वेळोवेळी निघत असतात. स्थानिक पोलिसांचं समाजमाध्यमावरचं खातं आणि जिल्ह्याच्या बातम्या आदल्या संध्याकाळी बघायची सवय लावा.

## ६. किल्ले आणि जंगल

महाराष्ट्रात ड्रोन घेणाऱ्या तरुणांच्या मनात पहिला असतो तो गड. भावना कळते, पण बहुतेक गड संरक्षित स्मारकं आहेत आणि तिथे आकाश हिरवं असून भागत नाही. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी रायगड, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. राजगड, साल्हेर, प्रतापगड, खांदेरी राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. (बारावा जिंजी, तो तमिळनाडूत.) ज्या खात्याकडे गड आहे त्याची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते. तिकीट खिडकीवरच्या माणसाने "जा वर" म्हटलं, ही परवानगी नव्हे.

जंगलाचं तर अनेकांच्या लक्षातच येत नाही. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वासोटा कोयना अभयारण्यात. भीमाशंकर अभयारण्यच आहे. या ठिकाणी वनविभागाची परवानगी हवी. त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे: कड्यांच्या कपारीत गिधाडं, ससाणे घरटी करतात आणि ड्रोन जवळ आला की घरटं सोडून उठतात. कड्यांवर आग्या मोहोळंही असतात. ती उठली तर तुमच्यासकट खालचा अख्खा ट्रेकचा ग्रुप संकटात येतो.

## ७. पहिली उड्डाणं

यावर युट्यूबवर भरपूर आहे, म्हणून आपल्याकडच्या परिस्थितीपुरतं सांगतो. उड्डाण गच्चीवरून सुरू करू नका; स्लॅबमधल्या सळ्यांनी होकायंत्र बिघडतं आणि ड्रोन भलत्याच दिशेला ओढला जातो. मोकळं मैदान किंवा कापणी झालेलं रान घ्या. उपग्रह पुरेसे पकडून घरचं ठिकाण, म्हणजे ड्रोन जिथे परत येणार ती जागा, नोंदवल्याचा संदेश येईपर्यंत उचलू नका. आपोआप परत येण्याची उंची आसपासच्या सर्वांत उंच झाडापेक्षा आणि विजेच्या टॉवरपेक्षा जास्त ठेवा. कारखान्यातून आलेली उंची आपल्या नारळी-पोफळीला पुरतेच असं नाही. उच्चदाबाच्या तारा स्क्रीनवर दिसत नाहीत, म्हणून आधी पायी फिरून खांब बघा. घारी ड्रोनवर झडप घालतात. घार घिरट्या घालायला लागली की उतरवा. संक्रांतीच्या आठवड्यात मांजामुळे शहरात उडवूच नका. घाटमाथ्यावर कड्याच्या काठाशी वारा खालून वर येतो आणि काठ ओलांडताच दिशा बदलतो, तिथे नवख्याने काठापासून लांब राहावं. बॅटरी तीस टक्क्यांवर आली की परत फिरायचं.

## ८. कॅमेरा कुणाकडे वळतोय

मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ते याबद्दल, कारण ड्रोन नियमांत उंची आहे, वजन आहे, अंतर आहे, पण खासगीपणावर स्वतंत्र प्रकरण नाही. त्यामुळे अनेकांना वाटतं की ग्रीन झोन आहे, नोंदणी आहे, म्हणजे खाली काहीही टिपता येतं. तसं नाही. तिथे दुसरे कायदे आडवे येतात.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. रोजच्या व्यवहारात तुमच्यावर थेट लागू होतात ती फौजदारी कलमं. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७: एखादी स्त्री आपल्याला कुणी पाहत नाही अशा भरवशाने खासगी अवस्थेत असताना तिला पाहणं किंवा तिचं चित्रण करणं. पहिल्याच गुन्ह्याला एक ते तीन वर्षं कैद आणि दंड, पुन्हा केलं तर तीन ते सात वर्षं. कलम ७८ पाठलागाचं आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई कुणाच्याही, पुरुषाच्यासुद्धा, शरीराच्या खासगी भागाचं संमतीविना चित्रण करणं, छापणं किंवा पाठवणं यावर आहे: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तुम्ही म्हणाल, माझा असा काही हेतूच नाही. हेतू नसेलच. पण तो सिद्ध करायची वेळ का येऊ द्यायची? आपल्या गावांतलं खासगी आयुष्य चार भिंतींच्या आत मावत नाही. न्हाणीघर परसात, वरून उघडं किंवा नुसत्या पत्र्याचं. नदीच्या घाटावर धुणं आणि आंघोळ. उन्हाळ्यात गच्चीवर झोपलेली माणसं. बाळंतीण अंगणात उन्हाला बसलेली. रस्त्याने चालणाऱ्या माणसाला यातलं काही दिसू नये अशी सोय बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या करून ठेवलेली असते, झाडाच्या आडोशाने, साडीच्या पडद्याने. ड्रोन वरून येतो आणि तो सगळा आडोसा फुकट जातो. आमच्या गल्लीत एका दुपारी गच्चीवर कुरडया घालणाऱ्या बायका आवाज ऐकताच साचे टाकून भराभर पदर सावरत जिन्याकडे निघालेल्या मी पाहिल्या आहेत. ड्रोन कुणाचा होता, तो काय टिपत होता, त्यांना माहीत नव्हतं. उरलेलं पीठ तसंच सुकलं. त्या बायकांचं काही चुकलेलं नव्हतं, आणि कुठल्या कलमात बसो न बसो, आपल्या छंदापायी कुणावर अशी वेळ आणायची नाही, हे मी पहिल्या नियमाच्या जागी ठेवतो.

म्हणून मी पाळतो आणि तुम्हीही पाळा:

- वस्तीवरून जावंच लागलं तर उंचावरून, सरळ, न थांबता. घिरट्या घालणं किंवा एका जागी थांबणं हेच लोकांना खुपतं, आणि ते रास्त आहे.
- घरांच्या ओळीने उडताना कॅमेरा क्षितिजाकडे किंवा सरळ खाली. खिडक्या आणि गच्च्यांकडे तिरका कधीच नाही.
- पहाटे आणि संध्याकाळी पाणवठ्याच्या बाजूला नाही.
- कुणी येऊन विचारलं तर ड्रोन उतरवायचा, स्क्रीन दाखवायची, हवं असेल तर त्यांच्यासमोर क्लिप पुसायची. वाद घालायचा नाही.
- चेहरे, गाडीचे नंबर, शाळेतली मुलं दिसत असतील तर ते चित्रण समाजमाध्यमावर टाकायचं नाही.

सोसायटीतली गोष्ट थोडी वेगळी. वरच्या मजल्याची गळती, टाकीला गेलेला तडा बघायला सेक्रेटरी ड्रोनवाल्याला बोलावतात. काम चांगलं आहे, पण आधी नोटीस बोर्डावर तारीख आणि वेळ लावा, लोकांना पडदे ओढायला सवड द्या, आणि समितीतला एक जण शेजारी उभा ठेवा. चित्रण कुणाकडे राहणार आणि कधी पुसणार ते लेखी ठरवा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मधून व्यक्तीने खासगी, घरगुती कारणासाठी केलेलं काम वगळलं आहे. पैसे घेऊन किंवा संस्थेसाठी केलेलं चित्रण त्या सवलतीत बसत नाही. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत, तेव्हा व्यवसाय करणाऱ्यांनी आतापासूनच संमतीपत्राची सवय लावावी.

शेतात एक खास आपल्याकडचा सापळा आहे: बांध. तुम्ही ड्रोन घेतला हे कळलं की कुणीतरी म्हणतंच, "शेजाऱ्याने बांध कोरलाय, जरा वरून फोटो काढ." काढू नका. छंदाच्या ड्रोनचा फोटो म्हणजे मोजणी नव्हे. मोजणी भूमी अभिलेख खात्याकडूनच होते. गावठाणांचे नकाशे स्वामित्व योजनेत ड्रोनने झाले आहेत हे खरं, पण ते सरकारी सर्वेक्षण होतं, नोटीस देऊन, मालकांसमोर हद्दी चुन्याने आखून केलेलं. तुमच्या फोटोने बांधाचा वाद मिटत नाही, त्यात तुमचं नाव मात्र जोडलं जातं.

## ९. गावात उडवण्याआधी सांगून ठेवा

२०२४ च्या जून-जुलैमध्ये पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात आणि मराठवाड्यात रात्री ड्रोन फिरत असल्याच्या बातम्यांनी लोक घाबरले होते. चोर टेहळणी करतात अशी चर्चा, गावोगावी रात्रीची गस्त, हातात काठ्या. ती भीती पूर्ण गेलेली नाही. त्यामुळे अनोळखी गावात रात्री ड्रोन उडवणं म्हणजे स्वतःच्या जिवाशी खेळ. दिवसाही पोलिस पाटील आणि सरपंच यांना आदल्या दिवशी फोन करा, कुणाच्या शेतासाठी उडवणार ते सांगा, गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ओळ टाकायला लावा. शेतमालक शेजारी उभा असला की निम्मे प्रश्न येतच नाहीत.

उलट बाजूही सांगतो. तुमच्याच घरावर कुणाचा ड्रोन घुटमळत असेल तर दगड, गलोल वापरू नका. ड्रोन पडून कुणाच्या डोक्यात बसेल, आणि मालमत्तेच्या नुकसानीचा गुन्हा तुमच्यावर येईल. सिग्नल बंद पाडणारी जॅमरसारखी यंत्रं खासगी माणसाने वापरणं बेकायदा आहे. वेळ लिहून ठेवा, ड्रोनचा आणि तो उतरतो त्या जागेचा व्हिडिओ घ्या आणि ११२ वर फोन करा. उडवणारा सहसा तीन-चारशे मीटरच्या आतच उभा असतो.

## १०. ड्रोन पडला किंवा हरवला तर

माणूस जखमी झाला असेल तर पहिलं त्याच्याकडे बघा. ड्रोन उचलायची घाई नको. दुखावलेल्या लायपो (ड्रोनमधल्या लिथियम-पॉलिमर) बॅटरीतून धूर येत असेल तर ती वाळलेल्या पाचटापासून लांब, उघड्या मातीवर ठेवा आणि जवळ जाऊ नका, थोड्या वेळानेही ती पेटू शकते. अपघाताची माहिती डीजीसीएला ४८ तासांच्या आत पोर्टलवरून द्यावी लागते. त्यासाठी जागेचे फोटो, उड्डाणाची नोंद आणि साक्षीदाराचं नाव त्याच दिवशी गोळा करा. विमा असेल तर कंपनीलाही लगेच कळवा.

ड्रोन धरणात गेला, दरीत गेला, सापडलाच नाही, तरी काम संपत नाही. मेमरी कार्डावर काय होतं ते आठवून लिहून ठेवा, जवळच्या पोलिस ठाण्यात हरवल्याची नोंद करा आणि पोर्टलवर त्या यूआयएनची नोंदणी रद्द करा. नाहीतर तो ड्रोन कुणाच्या हाती लागून भलतीकडे उडाला तर कागदावर मालक तुम्हीच राहता. नियमभंगाला एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या ड्रोन कायद्याचा मसुदाही लोकांच्या सूचनांसाठी जाहीर झाला होता, त्यामुळे नवीन ड्रोन घेण्याआधी डीजीसीएच्या संकेतस्थळावर त्या दिवशी कोणते नियम लागू आहेत ते एकदा वाचून घ्या.